निळी रेषा कुठे आखायची? बदलत्या पावसातले जलविज्ञानाचे काम

पावसाळ्यात सांगलीत माणसे भेटली की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" कृष्णेवरच्या या जुन्या पुलाजवळची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ वर गेली की धोका, हे तिथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्याही पुढे गेले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ च्या आसपास पोहोचले. प्रत्येक वेळी पाणी ओसरल्यावर नदीचा अभ्यास करणाऱ्याला तेच विचारले गेले: हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर होता का? आणि असला, तर सतरा वर्षांत तीनदा कसा आला?

प्रश्न साधा आहे, पण जलविज्ञानातला गेल्या दोन दशकांतला सगळा वाद त्यात सामावला आहे. उद्याच्या पाण्याचा अंदाज कालच्या नोंदींवरून बांधायचा, हा या शास्त्राचा पाया. हवामान बदलत असेल तर त्या पायावर किती भार टाकायचा? याची वेगवेगळी उत्तरे आज कुठवर आली आहेत, आणि महाराष्ट्रातल्या नद्यांवर काम करणाऱ्यांपुढे नेमके काय अडले आहे, त्याचा हा आढावा.

शंभर वर्षांचा पूर म्हणजे काय

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. शंभर वर्षांचा पूर एकदा येऊन गेला की पुढली शंभर वर्षे निर्धास्त राहावे, असा त्याचा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता एक टक्का आहे, एवढेच तो सांगतो. पन्नास वर्षे उभ्या राहणाऱ्या घराच्या वाट्याला तो एकदा तरी येण्याची शक्यता त्यामुळे चाळीस टक्क्यांच्या जवळ जाते. सांगलीचे तिन्ही पूर या वर्गातले मानायचे झाले, तर सतरा वर्षांत तीनदा असे घडण्याची शक्यता दीड हजारात एकाहून कमी निघते. मग एक तर एक टक्का हा आकडा चुकला, किंवा नदी बदलली, किंवा पाऊस बदलला. चौथी शक्यताही सोडून चालत नाही. राज्यात नदीमापन केंद्रे पुष्कळ आहेत आणि इतक्या ठिकाणांपैकी कुठे तरी असा विरळ योग जुळून येणारच. घटना घडून गेल्यावर नेमके तेच ठिकाण उचलून हिशेब मांडला की तो मुळाहून भयंकर दिसतो. या चारांतले कोणते कारण किती, हे वेगळे काढणे हेच आज या क्षेत्रातले मुख्य काम आहे.

वहीवरचा विश्वास

हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. खडकवासल्याचे जल व विद्युत संशोधन केंद्र १९१६ मध्ये मुंबई इलाख्यातली एक छोटी शाखा म्हणून सुरू झाले. त्या काळी धरणाचा सांडवा किती रुंद ठेवायचा हे ठरवायला हाताशी नोंदी थोड्याच होत्या. खडकवासल्याचे संचालक राहिलेले क्लॉड इंग्लिस यांनी पश्चिम घाटातल्या नद्यांचे पूर पाहून एक सूत्र बसवले: पाणलोट क्षेत्राच्या चौरस किलोमीटरच्या आकड्याला १२४ ने गुणायचे आणि त्याच आकड्यात १०.४ मिळवून निघणाऱ्या वर्गमुळाने भागायचे. उत्तर थेट घनमीटर प्रतिसेकंदात मिळते. लहान तलावांसाठी हे सूत्र महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. त्यात पाऊस कुठेच नाही, हे लक्षात घ्यायला हवे. घाटावरचा पाऊस जसा पडत आला तसाच पडत राहील, हे त्या १२४ मध्येच मुरलेले आहे.

पुढे नोंदी वाढल्या, संख्याशास्त्र आले, पण गृहीतक तेच राहिले. नदीचा स्वभाव ठरलेला आहे, वर्षागणिक आकडे वरखाली झाले तरी त्यांची सरासरी आणि पसारा बदलत नाही. इंग्रजीतल्या ‘स्टेशनॅरिटी’ला आपण स्थायित्व म्हणू.

या गृहीतकावर केवढा डोलारा उभा आहे ते कृष्णेच्या पाणीवाटपात दिसते. बच्छावत लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांची मालिका धरली आणि ७५ टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे चारांपैकी तीन वर्षी मिळेल असे, पाणी २,०६० टीएमसी (अब्ज घनफूट) काढले. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये निवाडा देताना १९६१-६२ पासूनची ४७ वर्षे धरली. त्यांच्या हिशेबात त्याच ७५ टक्क्यांना पाणी निघाले २,१७३ टीएमसी. नदी एकच, कसोटी एकच, पण मालिका बदलली आणि ११३ टीएमसीचा फरक पडला. कोयनेचे भरलेले धरण १०५ टीएमसीचे, म्हणजे एका कोयनेहून जास्त पाणी नुसत्या मालिकेच्या निवडीतून उपजले. लवादाने पुढे जाऊन ६५ टक्क्यांची कसोटी लावली आणि २,२९३ टीएमसीचा हिशेब मांडला. आंध्र प्रदेशाने छोट्या मालिकेला हरकत घेतली आणि हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

हा नुसता वकिलांचा वाद नाही. लांब मालिका घ्यावी तर तिच्यात जुन्या हवामानाची, धरणांआधीच्या नदीची वर्षे येतात. छोटी घ्यावी तर ती आजच्या नदीला जवळची, पण एखाद-दोन ओल्या दशकांनी सहज झुकणारी. अमेरिकेत १९२२ चा कोलोरॅडो करार अशाच ओल्या वर्षांच्या नोंदींवर झाला आणि त्या नदीवरची सात राज्ये आजही कागदावरचे पाणी प्रत्यक्षात शोधत आहेत.

स्थायित्व संपले, की नाही

२००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मिली आणि सहकाऱ्यांनी स्थायित्व मेले आहे असे शीर्षकातच जाहीर केले आणि जलव्यवस्थापनाने आता कुठे जावे असे विचारले. त्यांचे म्हणणे सरळ आहे. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. समुद्र तापले, बर्फ लवकर वितळू लागले. अशा वेळी जुनी सरासरी पुढे ढकलणे म्हणजे जाणूनबुजून चुकीचे मोजमाप वापरणे.

भारतातल्या पुराव्याने या बाजूला बळ दिले. भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १९५१ ते २००० च्या दैनिक नोंदींवरून मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढत असल्याचे दाखवले. २०१७ मध्ये रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतात विस्तीर्ण प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्याचे मांडले. दोघेही पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात दोन आकडे शेजारीशेजारी आहेत. १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि मध्य भारतात दिवसाला १५० मिलीमीटरहून मोठ्या पावसाच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. एकूण पाऊस कमी आणि धो-धो पाऊस जास्त. शेतकरी हे अनुभवाने सांगत होते, त्याला नोंदींचा दुजोरा मिळाला.

दुसरी बाजू या मोजमापांना नाकारत नाही. तिचा आक्षेप निष्कर्षाला आहे. नाईलवर आयुष्य घालवलेल्या हॅरॉल्ड हर्स्ट यांनी १९५१ मध्येच दाखवले होते की नदीची ओली वर्षे ओल्यांना आणि कोरडी कोरड्यांना लागून येतात, आणि असे कल कित्येक दशके टिकू शकतात. ग्रीसचे डेमेट्रिस कूट्सोयियानिस आणि इटलीचे अल्बर्टो मोंतानारी यांनी हाच धागा पकडून २०१४ मध्ये स्थायित्व अमर आहे असे उत्तर दिले. पन्नास वर्षांच्या मालिकेत दिसणारा चढ हा दोनशे वर्षांच्या लाटेचा एक तुकडा असू शकतो, असे त्यांचे म्हणणे. बदलाचे कारण नेमके सांगता येत नसेल आणि पुढला मार्ग गणिताने मांडता येत नसेल, तर अस्थायी प्रारूप वापरल्याने अनिश्चितता कमी होत नाही, उलट ती आकड्यांआड दडते. आपल्याकडे मुंबई आयआयटीच्या सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की भारतातल्या अतिवृष्टीत सर्वत्र सारखा कल नाही, मात्र ठिकाणाठिकाणांतली तफावत वाढते आहे.

मला या दोन बाजू वाटतात तितक्या लांब दिसत नाहीत. वाद पाऊस बदलतो की नाही यावर नाही. हाताशी असलेल्या नोंदींत बदल ओळखण्याइतके बळ आहे का, यावर आहे. आणि इथे महाराष्ट्राला एक अडचण आहे जिची चर्चा फार कमी होते. गोस्वामींचा आणि रॉक्सींचा मध्य भारत विदर्भाला सामावून घेतो, पण कृष्णा, कोयना, पंचगंगा जिथे उगम पावतात तो सह्याद्रीचा माथा त्या पट्ट्याबाहेर राहतो. मंत्रालयाच्या अहवालात तर पश्चिम घाट एकूण मोसमी पाऊस घटलेल्या भागांत मोडतो. विदर्भासाठी सिद्ध झालेला निष्कर्ष सांगलीच्या पुराला लावताना म्हणून थांबावे लागते.

नदीत माणूस आहेच

तिसरी भूमिका म्हणते, पावसावर एवढी नजर खिळवू नका. २०१२ मध्ये मुरुगेसू शिवपालन आणि सहकाऱ्यांनी समाज-जलविज्ञान ही कल्पना मांडली आणि आंतरराष्ट्रीय जलविज्ञान संघटनेने २०१३ ते २०२२ हे दशक पाणी आणि समाज यांच्या एकत्रित बदलाला वाहिले. धरणे, ऊस, पात्रातली भर आणि नदीकाठची घरे हेही नदीच्या स्वभावाचेच भाग आहेत, असे हा विचार मानतो.

२५ जुलै २०२४ ची पुण्याची पहाट याचे उदाहरण म्हणून पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखतात. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल. पुण्यात मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकला आणि लाल एक लाख क्युसेकला धरलेली आहे. त्या दिवशी खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकच्या घरात होता, तरी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले. निळ्या रेषेच्या निम्म्याहून थोड्याच जास्त विसर्गाला. धरणाच्या खालच्या मुक्त पाणलोटातून ओढ्यानाल्यांचे पाणी त्यात मिसळले, आणि पात्राची वहनक्षमता रेषा आखली तेव्हा होती तेवढी उरली नव्हती. यात हवामानबदलाचा वाटा किती आणि राडारोड्याचा किती, हे दोन्ही एकत्र मोजल्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. आणि सांगितले नाही तर उपाय चुकतो. सगळा दोष आभाळावर टाकला की पात्र मोकळे करायचे राहून जाते. सगळा दोष अतिक्रमणावर टाकला की वरचा पाऊस मोजायचा राहतो.

कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वादही याच जातीचा. २०१९ च्या महापुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने अलमट्टीच्या फुगवट्याला सांगली-कोल्हापूरच्या पुराचे कारण मानले नाही. पूरग्रस्त भागातल्या अनेक अभ्यासकांना आणि कार्यकर्त्यांना ते पटलेले नाही. नदीचा उतार तिथे इतका मंद आहे की खालची पातळी थोडीही चढली तर निचऱ्याला वेळ लागतो, असे ते म्हणतात. धरणाची पातळी आज ५१९.६ मीटर आहे. ब्रिजेशकुमार लवादाने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली, कर्नाटकाला ती हवी आहे आणि महाराष्ट्राचा विरोध आहे. दोन राज्यांनी मिळून मान्य केलेले, दोन्हीकडच्या तासातासाच्या नोंदींवर बेतलेले आणि कोणालाही तपासता येईल असे एकच प्रारूप असते, तर निम्मे मतभेद मिटले असते असे मला वाटते.

भाकीत करून वागायचे, की वागून पाहायचे

पुढचा प्रश्न व्यवहाराचा आहे. जागतिक हवामान प्रारूपांची चौकट साधारण शंभर किलोमीटरची असते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो, तिथून वीस किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीला त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास, आणि माणदेशात पाचशेच्या आगेमागे. हे सगळे एका चौकटीत मावते. बारीक चौकटीची प्रादेशिक प्रारूपे आणि संख्याशास्त्रीय दुरुस्त्या ही दरी बुजवू पाहतात, पण दुरुस्ती ज्या नोंदींवरून करायची त्याच घाटात विरळ आहेत.

म्हणून एक गट उलट दिशेने जातो. अमेरिकेतले केसी ब्राउन यांच्यासारखे संशोधक आधी धरणाला प्रश्न विचारतात: येवा किती घटला की सिंचन कोलमडते? किती वाढला की सांडवा अपुरा पडतो? ती मोडण्याची जागा सापडली की मग पाहायचे, तिथवर जाण्याची शक्यता प्रारूपे कितपत सांगतात. भाकितावर विसंबण्यापेक्षा कमकुवत बाजू ओळखणे, हा याचा गाभा. टीकाकारांचे म्हणणे असे की शेवटी शक्यता लागतेच आणि ती पुन्हा त्याच प्रारूपांतून येते.

धरणावरच्या अभियंत्याला हा वाद रोजच्या निर्णयात भेटतो. जुलैअखेर कोयना बरीच भरलेली आहे आणि तीन-चार दिवसांत मुसळधार पावसाचा अंदाज आहे. आधीच पाणी सोडून जागा करावी, तर पाऊस हुकल्यावर वीज, सिंचन आणि पिण्याच्या पाण्याचा हिशेब चुकतो. थांबावे, तर दरवाजे नेमके पूर चढत असताना उघडावे लागतात. कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि पातळी तत्काळ कळवणारी यंत्रणा आली, अंदाज सुधारले, तरी धरणातली जागा किती दिवस राखून ठेवायची याचे जुने वेळापत्रक बदलत्या पावसाशी कसे जुळवायचे, यावर एकमत झालेले नाही.

जमिनीखालचे पाणी

भूजलाबद्दल थोडक्यात. राज्याचा चार-पंचमांश भाग बेसॉल्टवर आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, तेही थोडेच. धो-धो पावसाचे पाणी वाहून जाते, मुरायला संथ पाऊस लागतो. पाऊस कमी दिवसांत गोळा झाला तर पुनर्भरण घटेल, असे एक मत आहे. मोठ्या सरींनीच खडकाच्या खोल भेगा भरतात, असे दुसरे. निकाल लावायला दाट नोंदी हव्यात. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी मोजते त्या जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा वर्षातून चारदा, त्यामुळे एका सरीचा परिणाम त्यात सापडत नाही. जलयुक्त शिवार योजनेवर झालेल्या ९,६०० कोटींहून अधिक खर्चानंतर भूजल वाढले का, यावर महालेखापालांचा २०२० चा अहवाल प्रतिकूल होता आणि योजनेच्या समर्थकांनी तो मान्य केला नाही. त्या भांडणाचे मूळही मोजणीच्या याच विरळपणात आहे. हिवरे बाजारसारख्या गावाने पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद गावसभेत मांडून पिके ठरवली. तिथे मोजणी आणि निर्णय एकाच माणसांच्या हातात होते. संशोधकाने या गावाकडे पुन्हापुन्हा जावे असे मला वाटते.

काय सुटलेले नाही

घाटातल्या पावसाचे मोजमाप सगळ्यात आधी. सकाळी साडेआठला नोंद घेणारा माणूस मापकाचे नरसाळे काढतो, बाटलीतले पाणी काचेच्या नळीत ओततो आणि डोळा पाण्याच्या पातळीत आणून खालच्या वळणाचा आकडा वाचतो. मापकाचे तोंड २०० चौरस सेंटीमीटरचे आणि बाटली चार लिटरची असेल, तर २०० मिलीमीटरला ती भरते. २०२१ च्या २२ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलीमीटर पाऊस झाला. असल्या रात्री एक तर मोठी बाटली हवी, नाही तर माणसाने भर पावसात दोन-तीनदा बाहेर जाऊन ती रिकामी केली पाहिजे. त्याने ते केले नाही तर विज्ञानाच्या लेखी तो पाऊस पडलाच नाही. महसूल मंडळांमध्ये आता दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे आहेत. ती पंधरा-वीस मिनिटांची तीव्रताही सांगू शकतात, जी जुन्या वहीत नव्हती. पण जुना मापक आणि नवे यंत्र शेजारीशेजारी काही वर्षे चालवून दोघांतला फरक काढल्याशिवाय शंभर वर्षांची मालिका पुढे जोडता येत नाही. घाईने जोडली, तर यंत्र बदलल्याची तारीखच हवामानबदल म्हणून दिसेल.

दुसरा प्रश्न मानकांचा. भारतीय मानकानुसार साठा अर्धा ते दहा दशलक्ष घनमीटर असलेल्या लहान धरणाचा सांडवा शंभर वर्षांच्या पुराला पेलेल असा बांधतात, तर मोठ्याला संभाव्य महत्तम पूर धरतात. देशात सर्वाधिक मोठी धरणे, तेवीसशेहून अधिक, महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांत साठ्याने लहान असलेली मातीची धरणे पुष्कळ आहेत. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने तपासणी सक्तीची केली, पण तपासणीत शंभर वर्षांचा पूर कोणत्या मालिकेतून काढायचा, हे पुन्हा त्याच जुन्या वादाशी येऊन थांबते. संख्याशास्त्रज्ञ एक पट्टा देतो, समजा आठशे ते चौदाशे घनमीटर. संकल्पचित्र काढणाऱ्याला एकच आकडा हवा असतो. पट्ट्यातला कोणता आकडा घ्यायचा हे ठरवणे विज्ञानाचे काम नाही, पण आज ते बहुधा संशोधकाच्याच टेबलावर, कोणतीही चर्चा न होता, उरकले जाते.

आणि मग त्या रेषा. नव्या नोंदी धरून लाल-निळी रेषा पुन्हा आखली तर बहुतेक ठिकाणी ती वर सरकेल, आणि ज्याने परवानगी घेऊन, कर्ज काढून घर बांधले तो एका सकाळी पूररेषेच्या आत जाईल. त्याच्या घराची किंमत उतरेल, वाढीव मजला अडेल. रेषा जुनीच ठेवली तर पाणी तिला जुमानणार नाही. नवी रेषा किती वर्षांनी तपासावी, तिच्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेचा पट्टा नकाशावर दाखवावा का, आणि आत गेलेल्या घरांचे नुकसान कोणी सोसावे, याचे उत्तर आजच्या नियमांत नाही. यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची तयारी जलविज्ञानाने करून ठेवली आहे. तिसरा विधिमंडळापुढे यायचा आहे.